सल्ला हवा : बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर ताऱ्यांमधल्या ढगांचा अभ्यास, सुरुवात कुठून करावी? (बडोदा)

दांडियाबाजारची_आई
नमस्कार मंडळी. माझी लेक इथेच बडोद्यात केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसेंबरात आम्ही जांबुघोड्याला मुक्कामाला होतो. तिथल्या अंधारात मृग नक्षत्र इतकं स्वच्छ दिसलं की आम्ही रात्री दीडपर्यंत अंगणातच बसलो. साध्या द्विनेत्रीतून बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धुरकट ठिपका, म्हणजे तिथला वायू-धुळीचा ढग, दिसला आणि तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नाही. म्हणते, आई, त्या ढगांत मिथेनॉल तयार होतं, म्हणजे ती केमिस्ट्रीच झाली ना! घरात आजोबांचं म्हणणं, नंदेसरीत एवढे कारखाने असताना आकाशात कशाला जायचं. मला तिला अडवायचं नाही, पण दिशा कळत नाही. फिजिक्स पहिल्यापासून शिकावं लागेल का?

वारसिया_रोड
ताई, स्पष्ट लिहितो, राग नसावा. खगोलशास्त्र हे भौतिकीवाल्यांचं क्षेत्र आहे. केमिस्ट्रीच्या मुलीला तिथे कायम पाहुण्यासारखं वाटेल. एम.एस्सी. आपल्याच विषयात करावी, आकाश छंद म्हणून ठेवावं.

रावपुऱ्यातली_जुनी
वरच्या दादांशी मी सहमत नाही. मीही केमिस्ट्रीचीच, स्पेक्ट्रोस्कोपीत (रेणू कोणते किरण शोषतात-सोडतात त्याच्या अभ्यासात) पीएच.डी. केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९७० साली रेडिओ दुर्बिणीला ८९.२ गिगाहर्ट्‌झजवळ एक रेषा, म्हणजे एका ठराविक वारंवारतेचा संकेत, सापडली. कोणत्याच माहीत असलेल्या रेणूशी ती जुळेना, म्हणून तिचं नाव एक्स-ओजेन ठेवलं. ती एचसीओ-प्लस या आयनाची असावी, हे त्याच वर्षी सुचवलं विल्यम क्लेम्पेरर यांनी, आणि ते हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९७५ साली प्रयोगशाळेत तो आयन तयार करून रेषा मोजली, तेव्हा त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पाहुणे कोण म्हणेल त्यांना?

आता ताई, तुमच्या लेकीसाठी. तुम्ही जो ठिपका पाहिलात ती ढगाची उजळलेली बाजू. तिथला वायू साधारण १०,००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उणे २७३ सेल्सिअसपासून मोजलेले अंश) आणि त्यात रेणू टिकणं कठीण. रसायन चालतं ते त्याच्या मागच्या काळोखात, दहापासून काही दशक केल्विनपर्यंतच्या थंडीत. तिथे एका घनसेंटिमीटरमध्ये दहा हजार रेणू असले तरी ढग दाट समजतात. आपल्या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीचवर एकोणीस शून्यं इतके असतात.

तिला पहिला प्रश्न हा घालून द्या : एवढ्या थंडीत कुठलीही अभिक्रिया होतेच कशी? अभिक्रियेचा वेग तापमानाशी जोडणारं अऱ्हेनियसचं समीकरण काढायला सांगा. ऊर्जेचा अडसर अवघा १० किलोज्यूल प्रति मोल धरला तरी १० केल्विनला घातांक उणे १२० येतो, म्हणजे विश्वाच्या वयातही काही घडू नये. तरी घडतं, कारण वैश्विक किरण हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून एच-थ्री-प्लस (तीन हायड्रोजन अणूंचा आयन) होतो आणि तो कार्बन मोनॉक्साइडला भेटताच प्रोटॉन देऊन टाकतो. या भेटीला अडसरच नाही. तो एचसीओ-प्लस जन्मतो तो असा. एच-थ्री-प्लस मात्र ढगांत प्रत्यक्ष सापडायला १९९६ उजाडलं.

दुसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या वायूत भेटले तर साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. ती घ्यायला तिसरं कुणी नसतं, म्हणून जोडी लगेच फुटते. जोडी जमते ती धुळीच्या कणावर. कण सुटलेली ऊर्जा शोषून घेतो. त्याच कणांवरच्या बर्फात कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन चिकटत मिथेनॉल होतं. पृष्ठभागावरचं उत्प्रेरण ती शिकलीच असेल, हे त्याचंच रूप.

फिजिक्स पहिल्यापासून नको. पुंज यांत्रिकी, सांख्यिकीय उष्मागतिकी आणि किरणांचं शोषण-उत्सर्जन, एवढं नेटाने करावं. गणित मात्र सोडू नये, मी दोन वर्षं सोडलं होतं आणि ते भरून काढताना फार त्रास झाला. वाचनाआधी कोलोन विद्यापीठाची सीडीएमएस ही रेणूंच्या रेषांची यादी उघडून बसा, फुकट आहे. आणि अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) तुमच्यापासून रेल्वेने दोनेक तासांवर आहे. तिथे निर्वात कक्षात थंड पृष्ठभागावर असेच बर्फ गोठवून त्यांचे अवरक्त वर्णपट घेतात. उन्हाळी प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

खोडदला_जाऊन_आलेला
२८ फेब्रुवारीला पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनाला जरूर न्या, ४५ मीटरच्या ३० तबकड्या पाहून पोरं भारावतात. एक ध्यानात असू द्या, ती दुर्बीण साधारण दीड गिगाहर्ट्‌झच्या खालीच ऐकते. तिथे हायड्रोजन अणूची २१ सेंटिमीटरची रेषा मिळते, कार्बन मोनॉक्साइड नाही.

वारसिया_रोड
एचसीओ-प्लसची हकिकत मला माहीत नव्हती. माझा शब्द मागे घेतो.

दांडियाबाजारची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना धुळीच्या कणाचं वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. लेकीने रात्रीच वही काढली. कार्बन मोनॉक्साइडच्या बंधाची लांबी १.१२८ अँगस्ट्रॉम घेऊन पहिली रेषा काढली, ११५.८ गिगाहर्ट्‌झ आली. यादीत ११५.२७ आहे. अर्धा कुठे हरवला म्हणून सकाळपासून गप्प आहे.

रावपुऱ्यातली_जुनी
काही हरवलं नाही, तिचं गणित बरोबर आहे! तिने समतोल लांबी घेतली, म्हणजे रेणू मुळीच थरथरत नसता तर असती ती. रेणू अगदी खालच्या पातळीतही थरथरतच असतो, त्यामुळे त्याची सरासरी लांबी किंचित जास्त भरते आणि रेषा खाली सरकते. आता तिला उलट करायला सांगा, ११५.२७ वरून लांबी काढ म्हणावं. १.१३१ च्या आसपास यायला हवी.