बाळ रात्री झोपेत पालथे पडू लागले आहे, काय काळजी घ्यावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला. पण त्या रात्रीपासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. तो झोपेतच कुशीवर होतो आणि पालथा पडतो, मात्र पुन्हा उताणे होणे त्याला अजून जमत नाही. पावसाची झड लागल्यामुळे हवेत गारठा आहे, म्हणून आम्ही त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळून वर गोधडी घालतो. डोक्याखाली राईची उशी आहे आणि त्याने वळू नये म्हणून सासूबाईंनी दोन्ही बाजूंना लोड लावले आहेत. एवढे करूनही तो वळतोच. मी रात्रभर जागून त्याला उताणे करीत राहावे का?

उत्तर (दोन मुलांची आई, शाहूपुरी)

ताई, सर्वांत आधी दुपट्यात गुंडाळणे आजच थांबवा, ही कळकळीची विनंती. माझी थोरली चार महिन्यांची असताना दुपारी तिला हात आत घेऊन गुंडाळले होते. मी स्वयंपाकघरातून परत आले तर ती पालथी पडून नाक गादीत खुपसून होती, आणि हात अडकल्यामुळे तिला छाती उचलता येत नव्हती. रडण्याचा आवाजसुद्धा बाहेर येत नव्हता. मी वेळेवर पोहोचले म्हणून निभावले. बाळ वळण्याची खटपट करू लागले की गुंडाळणे बंद, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

उत्तर (बालरुग्ण विभागातील निवृत्त परिचारिका, कसबा बावडा)

वरील ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला प्रत्येक वेळी, दुपारच्या झोपेलाही, उताणेच निजवावे. उताणे झोपल्यास दूध उलटून बाळ गुदमरेल अशी भीती अनेकांना वाटते. परंतु उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध सहसा श्वासनलिकेत न जाता गिळले जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि त्यानंतरच्या दशकात तेथील बाळांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आपले बाळ अजून उताण्याचे पालथे होते, पण पालथ्याचे उताणे होत नाही. त्यामुळे ते पालथे दिसले तर अलगद उताणे करावे, पण त्यासाठी रात्रभर पहारा देण्याची गरज नाही. पालथे होणे आणि पुन्हा उताणे होणे, दोन्ही आपले आपण जमू लागल्यावरही निजवताना उताणेच ठेवावे. पुढे ते स्वतः वळले तर तसेच राहू द्यावे. मात्र अंथरूण मोकळे असेल तरच हे लागू आहे. लोड, तक्के, राईची उशी आणि गोधडी सर्व काढून टाका. लोड बाळाला अडवत नाही. उलट त्याचे तोंड लोडाला टेकले की सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहते. जुन्या कापसाच्या गादीला मध्ये खळगा पडलेला असतो. तळहाताने दाबून पाहा. हात उचलल्यावरही खड्डा तसाच राहत असेल तर ती गादी बाळासाठी नको.

थंडीसाठी अंगभर सुती कपडे, वाटल्यास वर एखादा जास्तीचा थर, एवढे पुरे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावून पाहा. तेथे घाम असेल तर कपडे जास्त झाले आहेत. झोपताना कुंची आणि टोपडे काढावे. गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर तोही काढावा, कारण वळताना तो आवळला जाऊ शकतो. बाळ आपल्याच खोलीत, परंतु वेगळ्या अंथरुणावर असावे.

उत्तर (एक आजी, गडहिंग्लज)

राईची उशी आम्ही डोके गोल व्हावे म्हणून देत होतो, त्यामागे माया होती. माझ्या नातवाच्या वेळी डॉक्टरांनी ती बंद केली आणि जागेपणी, आपल्यासमोर, थोडा थोडा वेळ पालथे ठेवायला सांगितले. त्याने डोक्यावरचा दाबही कमी होतो आणि मानेत व खांद्यांत बळ येते. सासूबाईंना हे समजावून सांगा, त्या ऐकतील. साडीच्या झोक्यातही आता रात्री निजवू नका. त्यात अंग दुमडून हनुवटी छातीला टेकते, आणि वळणारे बाळ कापडात तोंड खुपसते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजींचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी स्वतःच लोड उचलून माळ्यावर ठेवले. आमच्याकडे जुना लाकडी पाळणा आहे. तो वापरावा का?

उत्तर (निवृत्त परिचारिका, कसबा बावडा)

गजांमधील अंतर मोजा. ते सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे. तळ सपाट असावा आणि गादी कडांना घट्ट बसावी. टांगता पाळणा असेल तर वळणाऱ्या बाळाच्या वजनाने तो एका बाजूला कलतो, त्यामुळे रात्रीसाठी वापरू नये. त्यापेक्षा जमिनीवर, भिंतीपासून चांगली दूर, सपाट व टणक गादी घालावी. भिंतीला अगदी खेटून ठेवलेली गादी हळूहळू सरकते आणि त्या फटीत बाळ अडकू शकते.