मदत हवी आहे: ग्राफिंग कॅल्क्युलेटरला सेन्सर जोडलाय, पण ‘एरर लिंक’ येतंय

परळकर: दोन रात्री गेल्या, एक आकडा आलेला नाही. खालच्या पोर्टला वायर लावली, बोर्डाला सेन्सर जोडला, प्रोग्रॅममध्ये ‘गेट’ (बाहेरून आकडा घ्यायची आज्ञा) लिहिलं. एंटर दाबलं की कोपऱ्यातली रेघ थोडा वेळ पळते आणि ‘एरर लिंक’. लेक नववीत आहे. चाळीच्या पत्र्याखाली दिवसभरात तापमान कसं चढतं त्याचा आलेख तिला प्रदर्शनात दाखवायचाय. रविवारी प्रदर्शन आहे. काय चुकतंय?

झेड_ऐंशी: मॉडेल कुठलं? बोर्ड कुठला? कोड कुठेय?

परळकर: कॅल्क्युलेटर टीआय-८३ प्लस, भावाने अमेरिकेहून आणलेला. बोर्ड आर्डुइनो नॅनो, तो छोटा प्रोग्रॅम करता येणारा.

वायफायवाला: नॅनो काढा, ईएसपी३२ बोर्ड लावा. वायफाय मिळेल, आकडे थेट मोबाइलवर.

झेड_ऐंशी: त्यांना मोबाइलवर नकोयत हो! शिवाय पोर्टच्या दोन्ही लाइन ५ व्होल्टच्या, ईएसपी३२ चालतं ३.३ वर. मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारा भाग) न घालता जोडलं तर पिन जळू शकते. नॅनो ५ व्होल्टचाच आहे, राहू दे. परळकर, कोडमध्ये पिन कुठे ‘हाय’ करताय का, म्हणजे तिच्यावर ५ व्होल्ट देताय का? लाइन मोकळी सोडायची किंवा ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, खेचायची, बस. एक खेचली की शून्य, दुसरी खेचली की एक.

घाटकोपर_आई: हा कॅल्क्युलेटर जेईईला चालतो का? मुलासाठी घ्यायचा विचार आहे.

झेड_ऐंशी: नाही ताई. तिथे कुठलाच चालत नाही, आणि इंजिनीअरिंगच्या ‘गेट’ परीक्षेला स्क्रीनवरचाच वापरावा लागतो.

ओएसप्रेमी: मी म्हणतो, कॅल्क्युलेटरची मूळ ओएसच (ऑपरेटिंग सिस्टिम) बदला. दुसरी ओएस अडवणारी कंपनीच्या डिजिटल सहीची ५१२ बिटांची किल्ली २००९ मध्येच फुटली.

झेड_ऐंशी: वायर बोलत नसेल तर ओएस काय करणार?

लॅमिंग्टन_फेरी: परळकर, जॅक कुठून घेतलात? पिनवर काळ्या पट्ट्या किती?

परळकर: जुन्या मोबाइलच्या हेडफोनचा कापला. पोर्टात बसतो नीट. पट्ट्या तीन.

लॅमिंग्टन_फेरी: तिथेच घोळ आहे. हा चार भागांचा, माइकवाला. तुम्हाला २.५ मिमीचा, दोन पट्ट्यांचा स्टिरिओ जॅक हवा. ग्राउंड लागतच नसणार. मल्टिमीटर सेलच्या कप्प्यातल्या शेवटच्या उणे टोकाला आणि नॅनोच्या ग्राउंडला लावून बघा, वाजतो का; जोड असेल तर वाजेल. माझेही असेच चार दिवस गेले होते. ग्रँट रोड स्टेशनहून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चालत जा, चुकून ३.५ मिमीचा देतील, मोजून घ्या.

परळकर: मीटर वाजला नाही! आज जॅक आणला, घरी येऊन डाग दिला. रात्री पावणेअकराला स्क्रीनवर ३१.५ उमटलं. लेक झोपली होती, उठवून दाखवलं. दोघांचे मनापासून आभार.

आता दर पाच मिनिटांनी एक आकडा, २४ तासांचे २८८ होतात. कॅल्क्युलेटरच्या यादीत मावतील ना?

झेड_ऐंशी: एका यादीत ९९९ मावतात. फक्त सेल नवे घाला, चारही.