समुद्रात गेलेलं पाणी म्हणे वाया!

बडोदेकर: काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "नर्मदेचा समुद्रात जाणारा थेंब न् थेंब म्हणजे नासाडी, भरूचजवळ नदीच्या मुखाशी होणारा भाडभूतचा बराज (दरवाज्यांचा बांध) लवकर उरका." डोकंच सटकलं. भरूचच्या खाडीला वरून गोड्या पाण्याचा रेटा लागतो. तो कमी झाला की भरतीचं खारं पाणी आत घुसतं. हिलसा मासळी पावसाळ्यात समुद्रातून वर चढते ती गोड्या पाण्यात अंडी घालायला. सरदार सरोवर धरणाखाली सोडायचं ठरलं ६०० क्युसेक (सेकंदाला ६०० घनफूट). त्या अफाट पात्रात हे म्हणजे दात कोरून पोट भरणं.

निवृत्त अभियंता: नर्मदेचं पाणी येण्याआधी, १९८६ साली, राजकोटला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. माझी बहीण तिथे हंडा घेऊन रांगेत असायची. तिला सांगा हिलसाचं दुःख. आणि खारं पाणी अडवायलाच तर तो बराज आहे. शिवाय धरणाचं नदीपात्रातलं १२०० मेगावॅटचं वीजघर चाललं की पाणी खालीच येतं.

बडोदेकर: खाली म्हणजे धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या गरुडेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत! तो बांधला कशाला? तेच पाणी पंपाने परत धरणात चढवता यावं म्हणून. तिथे टेंबे स्वामींच्या समाधीला जाता ना काका, जरा खाली वाकून बघा.

भरूचची सून: काकांची बहीण रांगेत होती, कबूल. आमच्या सासरी बोअरच्या पाण्याचा चहा खारट लागतो, तेही लिहून ठेवा.

दांडियाबाजार: नर्मदा राहू द्या हो. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं कोण बोलणार? ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी. फ्रिज, सोफा, लग्नाचे अल्बम, सगळं गेलं. सोसायटीच्या फाटकाशी मगर!

मांजलपूरकर: तुमची सोसायटी नदीकाठच्या कोतरात (घळीत) भराव टाकूनच उभी आहे ना? मगर आपल्याच घरी आली होती.

दांडियाबाजार: तोंड सांभाळून. आयुष्याची कमाई घातलीय त्यात. भराव बिल्डरने टाकला, मी नाही.

मांजलपूरकर: दर वाढला तेव्हा मात्र "रिव्हर व्ह्यू" म्हणून मिरवत होतात!

भरूचची सून: भांडा. पण विश्वामित्रीही ढाढर नदीमधून खंभातच्या आखातातच जाते. तिच्या गटाराचं पाणी वाया जातं म्हणून कोणी रडत नाही.

निवृत्त अभियंता: बरं बाई. मच्छीमार १५०० क्युसेक मागतात, द्या. उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी पडलं की शेतकऱ्यांसमोर मात्र तुम्ही उभ्या राहा.

बडोदेकर: "द्या" म्हणालात. स्क्रीनशॉट घेतलाय.