दुकान बंद करणं हेही एक कामच

दुकान सोडून सिनेमा करायचा म्हटलं की लोक सांगतात, 'धाडस असलं की झालं, शिवाय गोव्यात इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आहे, मग काय अडचण?' धाडसाचं मान्य. पण धंदा सोडणं म्हणजे शटर ओढणं नव्हे. माझं म्हापशात हार्डवेअरचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. जीएसटी नोंदणी रद्द केली की तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं आणि शिल्लक मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट) परत करावं लागतं. म्हणजे बिजागऱ्या, खिळे, रंगाचे डबे, सगळं मोजत बसा. (माझं पहिलं सलग लिखाण ती यादीच, असं बायको म्हणते.) उधारीची वही तर अजून मिटलेली नाही. तेव्हा हातात निदान वर्षभराचा घरखर्च ठेवूनच उडी मारा.

इफ्फी २००४ पासून इथे आहे खरा, पण तिथे आपण दुसऱ्यांचे तयार सिनेमे बघतो. स्वतःच्या पटकथेसाठी पैसे शोधायचे तर एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने) २००७ मध्ये सुरू केलेला फिल्म बाजार बघा, तिथे सिनेमावाले आणि पैसे लावणारे भेटतात. तिथे दुकानदारी कामाला येते, भाव सांगून गप्प बसता येतं. सेटवर मात्र नाही. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतल्या) मानशीवर, म्हणजे भरती आली की आपोआप मिटणाऱ्या पाण्याच्या दारांवर, लघुपट करताना भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते हे मी वेळापत्रकात धरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दारं मिटलेली, आणि कॅमेऱ्याचं भाडं चालू.