मदत हवी आहे: भाऊबीजेच्या गिफ्टऐवजी देणगी, घरी विषय कसा काढू?

नमस्कार मंडळी, आम्ही चुलत-मावस धरून अकरा भावंडं, दरवर्षी दिवाळीत साड्या, ड्रायफ्रूटचे बॉक्स, डिनर सेट इकडून तिकडे फिरतात आणि निम्मं सामान कपाटातून बाहेरही येत नाही, म्हणून यंदा फार वाटतंय की सगळ्यांनी तेच पैसे एकत्र करून पुण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीला द्यावेत. अण्णा कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी सुरू केलेली ही संस्था, आणि माझी आजी दर दिवाळीला न चुकता या निधीची पावती फाडायची.

अडचण आत्यांची आहे. ओवाळणं होणारच, ताटात थोडेफार पैसेही टाकू, पण साडी नाही म्हटलं की त्यांना वाटेल भाच्यांना आता आपण जड झालो. त्यांचं मन अजिबात दुखवायचं नाहीये मला. कोणी घरात असं केलंय का, आधी फोन करून सांगितलं की त्या दिवशीच?

आणखी एक, पावती एकाच्या नावावर घ्यावी की प्रत्येकाची वेगळी? आमच्यातले तिघं जुन्या टॅक्स रिजीममध्ये आहेत, त्यांना देणगीवरची ८०जीची करसवलत हवीये, आणि रोख २००० च्या वर चालत नाही एवढं माहितीये. प्लीज सांगा, दिवाळीच्या खरेदीआधी ठरवायचंय.