उजव्या पायाची संवेदना गेली, गाडी चालवणं बंद: जुन्या मॅन्युअल गाडीला हातानं चालवायची सोय बसेल का?

चौथा_गिअर

मधुमेहामुळे पायांच्या नसा खराब झाल्या आहेत. उजव्या तळव्याला पेडल टेकलंय की नाही हे बघितल्याशिवाय कळत नाही, डाव्याला थोडंफार कळतं. डोळे, मान, हात ठीक आहेत. फिट किंवा चक्कर कधी नाही. डॉक्टरांनी चालवू नका सांगितलंय आणि चालवणं थांबवलेलं आहे, त्यावर चर्चा नको.

गाडी चार सिलिंडरची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल सेडान. पाच गिअर मॅन्युअल, ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा), पुढे डिस्क, मागे ड्रम. पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही. इंजिनाचं काम नुकतंच झालंय. विकायची नाही.

विचारायचंय ते असं. या गाडीला हँड कंट्रोल बसवणं शहाणपणाचं आहे का? नसेल तर न चालवता ती नीट कशी ठेवायची? आणि स्टिअरिंग सुटल्यावर या छंदात करण्यासारखं खरोखर काय उरतं? "प्रदर्शनं बघा" हे उत्तर सोडून सांगा.

थेरपी_टेबल

कंट्रोलकडे वळण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. पाय बधिर असताना ताकद बहुतेक वेळा शाबूत असते, हरवते ती पायाच्या जागेची जाणीव. पाय ब्रेकवर आहे असं मेंदू धरून चालतो आणि तो असतो ॲक्सिलरेटरवर. गाडी पुढे उसळली की माणूस आणखी जोरात दाबतो, कारण त्याच्या लेखी तो ब्रेकच दाबतोय. पातळ तळव्याचे बूट, रुंद पेडल, सराव, यातल्या कशानंही हे सुटत नाही. खाली बघून पाय ठेवायची सवय लागली तर रस्त्यावरची नजर जाते.

डाव्या पायानं चालवायचा जोड-ॲक्सिलरेटर कुणी सुचवला तर तो तुमच्यासाठी नाही. पक्षाघातात एकच बाजू गेलेल्यांना तो उपयोगी पडतो. मधुमेहातलं नुकसान सहसा दोन्ही पायांत होतं, कमीजास्त वेगानं. शिवाय मॅन्युअल गाडीत तोच पाय क्लचलाही लागतो.

हातांची तपासणी आत्ताच करून घ्या. हा बधिरपणा सर्वांत लांब नसांपासून सुरू होतो, म्हणून आधी पाऊल. तो गुडघ्यापर्यंत चढला की साधारण त्याच सुमाराला बोटांच्या टोकांना मुंग्या सुरू होतात. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाला लावतात, तसे हातालाही लावून घ्या, पकडीची ताकदही मोजून घ्या. बोटं बधिरायला लागली असतील तर हँड कंट्रोलवरचा खर्च फार दिवस कामी येणार नाही.

साखरेचा मुद्दा याहून मोठा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि साखर उतरल्याची लक्षणं (घाम, थरथर, धडधड) जाणवेनाशी झाली असतील, तर कुठलंही लिव्हर बसवून गाडी चालवता येणार नाही. लक्षणं जाणवत असतील तरी साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असताना निघायचं नाही, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी मोजायची, आणि वाटेत उतरली तर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं. आकडा आधी सुधारतो, डोकं नंतर.

हे सगळं पार पडलं तर ड्रायव्हिंगचं मूल्यमापन करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा. प्रतिक्रियेचा वेळ, नजरेचा परिघ, धूसर उजेडातला फरक ओळखणं, आकडे आणि अक्षरं क्रमानं जोडायची चाचणी हे टेबलावर होतं. मग दुहेरी ब्रेकच्या गाडीत रस्त्यावरची परीक्षा. अहवाल लेखी घ्या. परवान्यावर बदल नोंदवायला आणि विमा कंपनीला कळवायला तोच लागतो. न कळवता बसवलेलं कंट्रोल म्हणजे अपघाताच्या दिवशी दावा फेटाळायचं आयतं कारण.

हा धागा दुसऱ्या आजाराचं कुणी वाचत असेल तर: फिट, मेंदूच्या आघातानं अर्धी नजर जाणं, मॅक्युलाच्या आजारात मधली नजर जाणं, स्मृतिभ्रंश, यांत हँड कंट्रोलचा काडीचा उपयोग नाही. तिथं हातपाय चालतच असतात, बिघाड त्यांच्या आधीच्या पायरीवर असतो. पार्किन्सनमध्ये अवस्थेवर आणि औषध चढण्या-उतरण्याच्या वेळांवर अवलंबून, आणि मूल्यमापन पुनःपुन्हा करावं लागतं.

लिंक_आणि_लिव्हर

तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर माझं मत नको असं आहे. कारण हातांचा हिशेब.

सर्वांत साधं कंट्रोल म्हणजे स्टिअरिंगखालचं पुश-पुल लिव्हर. पुढे ढकललं की ब्रेक, मागे ओढलं की रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर. एक हात कायम त्यावर, दुसरा स्टिअरिंगच्या मुठीवर. आता गिअर कुणी टाकायचा? स्टिअरिंगवर रेसची रिंग बसवली तर दोन्ही हात चाकावर राहतात, पण वळणाआधी ब्रेक धरून गिअर उतरवायची वेळ आली की तिसरा हात हवाच. २००१ च्या अपघातात दोन्ही पाय गमावल्यावर अलेक्स झनार्डी बीएमडब्ल्यूच्या टूरिंग कारमध्ये परतले आणि २००५ मध्ये ओशर्सलेबेनला शर्यत जिंकले, तेव्हा रेस हाताला होती आणि ब्रेक ते कृत्रिम पायानं दाबत. ब्रेकही हाताच्या लिव्हरवर आणलेली गाडी त्यांनी २०१८ मध्ये मिसानोला डीटीएम या जर्मन टूरिंग कार मालिकेच्या शर्यतीत चालवली. पाठीशी कारखान्याची अख्खी टीम होती.

तुमच्या गाडीत तीन कामं एकदम निघतील. पहिलं हँड कंट्रोल. दुसरं क्लच आपोआप दाबणारा ॲक्च्युएटर: गिअरच्या मुठीत सेन्सर, हात लागला की मोटर क्लचची केबल ओढते. केबल थोडी ताणली गेली की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर घासून पडतात आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर घेतला तर तो मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम खातो, ब्रेकचा बूस्टरही तिथूनच खातो. दोघांना वेगळी टाकी आणि वेगळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दिला नाही तर उतारावर गिअर बदलताना ब्रेक कडक लागतो. तिसरं स्टिअरिंग. पॉवर नसलेलं चाक एका हातानं मुठीवर फिरवणं पार्किंगच्या वेगाला जमत नाही. कॉलमवर इलेक्ट्रिक मोटर बसवता येते, पण उभ्या गाडीत चाक फिरवताना ती काही सेकंद तरी ४० अँपिअरच्या आसपास ओढते. जुन्या अल्टरनेटरची एकूण क्षमताच साधारण तेवढी असते.

एवढं केल्यावर ती तुमची जुनी गाडी राहत नाही. परवानगी मिळाली तर रोजच्यासाठी ऑटोमॅटिक घ्या, तिला पुश-पुल लावा आणि हिला हात लावू नका.

ऑटोमॅटिकला कंट्रोल बसवून घेताना हे स्वतः तपासा. क्लँप पेडलच्या दांड्यावर हवा, रबरी पॅडवर नाही, पॅडवरचा सरकतो. ब्रेक दाबण्याच्या पूर्ण प्रवासात रेस किंचितही उघडता कामा नये. लिव्हर सोडल्यावर थ्रॉटल झटकन बंद व्हायला हवा, थंड इंजिनावर आणि गरम इंजिनावरही. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत पंप करा, मग लिव्हर सगळी ताकद लावून ढकला: ब्रॅकेट वाकताना दिसला तर घेऊ नका, कारण इंजिन बंद पडल्यावर बूस्टरची मदत दोनतीन दाबांतच संपते आणि तेव्हा एवढीच ताकद लावावी लागते. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून रॉड कुठे अडतो का बघा, कॉलम वरखाली करूनही बघा. अपघातात चेपणाऱ्या कॉलमच्या भागावर आडवा ब्रॅकेट ठोकलेला चालत नाही, आणि गुडघ्याच्या एअरबॅगसमोर काहीही नको. नट नायलॉकचेच (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे). काही आठवड्यांनी सगळे पुन्हा आवळून घ्या, पहिली ढील तेव्हाच येते. पेडलवर जाळीचं कवच लावा, नाहीतर न कळणारा पाय पेडलखाली जाऊन अडकतो. पण ते झटकन काढता येणारं हवं, दुसऱ्या कुणाला पायानं गाडी चालवायची असते.

रेडलाइन_८०००

एवढं सगळं कशाला? मोकळ्या मैदानात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चालवायला काय हरकत आहे?

थेरपी_टेबल

हरकत आहे. पेडलची चूक रहदारीमुळे होत नाही. सुरुवातीला आणि पार्किंगमध्ये, म्हणजे कमी वेगातच, ती जास्त होते. पहिल्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबली गेली तर भिंत गाठायला दोनतीन सेकंद पुरतात, आणि मैदानात बघणारे उभे असतातच.

कूलंट_काका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याची पद्धत आधी बंद करा. इंजिन तापत नाही, जळणातून निघालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचतं, चोकमुळे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन तेलात उतरतं. बॅटरीतून स्टार्टरनं खाल्लेलंही भरून निघत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाला तरी ३० ते ४० मिनिटं नीट चालवायला लावा, तेल तापेपर्यंत. एसी असेल तर त्यात दहा मिनिटं चालू ठेवा, कॉम्प्रेसरच्या सीलला तेल पोचतं. ते जमत नसेल तर गाडी सरळ झोपवा, म्हणजे महिनोन्‌महिने न चालवता उभी ठेवा, अर्धवट काही नको.

झोपवायची असेल तर तेल आणि फिल्टर उभी करण्याआधी बदलायचे, बाहेर काढताना नव्हे. वापरलेल्या तेलातलं आम्ल महिनोन्‌महिने बेअरिंगवर कशाला ठेवायचं? टाकी जवळजवळ भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा शिरते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणी ओढतं, मर्यादेबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि पिकअप पाइप नेमका तिथूनच ओढतो. स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते पुढपर्यंत पोचतं. मग टाकीकडून पंपाला येणारा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू द्या. वाटीत सुकलेलं पेट्रोल चिकट होऊन आधी आयडल जेट (रेस सोडलेली असताना पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजवतं. "सुरू होते पण रेस सोडली की बंद पडते" या तक्रारीचं मूळ बरेचदा हेच असतं.

बॅटरी पूर्ण भरलेली म्हणजे विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट. १२.४ च्या खाली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसायला लागतं. स्टिरिओ आणि अलार्म मिळून ३० मिलिअँपिअर जरी खात असतील तरी ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात अर्धी होते. एक तर निगेटिव्ह काढा, नाहीतर १३.५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा मेंटेनर लावा. साधा चार्जर कायम लावून ठेवू नका, पाणी उकळून जातं.

हँडब्रेक सोडा, चाकांना पुढे-मागे अडसर लावा. तुमच्या मागच्या ड्रममध्ये लायनर गंजून चिकटतात, मग पहिल्याच ओढीत लायनर शूजपासून सुटून येतो. क्लचची प्लेटही फ्लायव्हीलला अशीच चिकटते. बाहेर काढायच्या आधी गिअर न्यूट्रल ठेवून क्लच काही वेळा दाबून बघा. टायरमध्ये ५ ते १० पीएसआय जास्त हवा भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. चर शिल्लक असली तरी जुना टायर भर वेगात फुटू शकतो. ब्रेक ऑइल गाडी न चालताही दमट होतं, दोन वर्षांनी बदला. उंदरांसाठी सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी लावा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, नाहीतर कुणीतरी तशीच सुरू करतं.

चालवणाऱ्याचं नाव विम्यात बसतंय ना तेही बघून घ्या.

टाइम_कंट्रोल

तिसरा प्रश्न. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत, म्हणजे ठरवून दिलेला सरासरी वेग राखायच्या स्पर्धेत, नॅव्हिगेटरच्या जागेला पाय लागत नाहीत, आणि निकाल त्याच्या हिशेबावर ठरतो. वेग, वेळ, अंतर यांचं गणित पाठ हवं: ३६ किमी वेगाला एका किलोमीटरला १०० सेकंद, ४५ ला ८० सेकंद, ४२ ला ८५.७. सुरुवातीच्या मोजणीच्या टप्प्यावर आयोजकांचे १० किमी तुमच्या मीटरवर १०.२५ दिसले तर पुढचं प्रत्येक वाचन ०.९७६ नं गुणायचं. नवशिक्या जोड्या इथेच हरतात, कारण मीटर जुळवायचा कंटाळा करतात. रोडबुक (मार्गाच्या खुणांची वही) वाचताना गाडी लागत असेल तर ते मांडीवर नको, डोळ्यांच्या उंचीवर धरा. पायांची अडचण आहे म्हणून मोजे-बूट ऐसपैस घ्या, हीटरची हवा पावलांवर सोडू नका (भाजलेलं कळणार नाही), आणि प्रत्येक विश्रांतीला तळवे तपासा.

संगणकावरचा ड्रायव्हिंग सिम्युलेटर तुमच्यासाठी उत्तम. बऱ्याच चांगल्या चाकांना मागे क्लचच्या दोन ॲनालॉग पॅडल असतात, त्यातली एक रेसला आणि एक ब्रेकला जोडा. साधी बटणं घेऊ नका, त्यांना फक्त चालू-बंद कळतं आणि ब्रेक प्रत्येक वेळी लॉक होतो. सुरुवातीला दोन्हीकडे ३ ते ५ टक्के डेडझोन द्या, बोट नुसतं टेकलेलं असताना ब्रेक धरला जात नाही. फोर्स फीडबॅक (चाकातून हाताला जाणवणारा जोर) ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, त्यापुढे मनगट थकतं आणि पॅडलवरचा ताबा जातो. प्रकाशाच्या लखलखाटानं फिट येणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

चौथा_गिअर

गाडी न झोपवता महिन्यातून एकदा दुसऱ्याला चालवायला द्यायची असं ठरवतोय. ऑटोमॅटिकचा विचार हातांची तपासणी झाल्यावर. एक शंका राहिली: इतके दिवस उभ्या गाडीचा बूस्टर ठीक आहे हे बाहेर काढण्याआधी कसं ओळखायचं?

लिंक_आणि_लिव्हर

इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, म्हणजे साठलेलं व्हॅक्यूम संपेल. शेवटच्या दाबाला पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चालतोय. जागचं हललं नाही तर आधी मॅनिफोल्डपासूनचा पाइप बघा, जुन्या रबराला क्लँपखालीच चीर जाते. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंका, हवा एकाच दिशेनं जायला हवी. हे दोन्ही ठीक असेल तर आतला पडदा फाटलाय. पेडल खाली जातच राहिलं आणि तळाला टेकलं तर तो बूस्टर नव्हे, मास्टर सिलिंडरचा वॉशर आहे, आणि तो बदलल्याशिवाय गाडी कुणाच्याच हाती द्यायची नाही. ही तपासणी पायात जाणीव असलेल्या माणसाकडून करून घ्या.