वस्तीचा रस्ता कमी पैशात कसा केलात? अनुभव सांगा

आज सोसायटीच्या गेटसमोर कुणीतरी मुरमाची ट्रॉली ओतली आणि वर पावसाची सर आली. त्या वासाने थेट आमच्या वस्तीवर नेऊन सोडलं.

डांबरीपासून घर साडेसहाशे फूट, सगळं काळं रान. पावसाळ्यात चपला हातात, शाळेचे बूट पिशवीत. दुधाची गाडी डांबरीवरच थांबून हॉर्न द्यायची, मग दादा कॅन डोक्यावर घेऊन पळायचा.

अण्णांनी कालवड विकून पहिल्यांदा मुरूम टाकला, सरळ काळ्या मातीवर. मे महिन्यात रस्ता इतका देखणा की आजूबाजूचे बघायला आले. पोळ्यापर्यंत गायब! जमिनीनेच गिळला. काळी माती भिजली की फुगते, चाकाखाली लोण्यासारखी होते. ती वर येते, मुरूम खाली जातो.

दुसऱ्या वेळी पैसे आणखी कमी, पण चुलत्यांच्या विहिरीचं काम चालू होतं, डबर फुकट. आधी फूटभर काळी माती काढून रानात पसरली. खड्ड्यात डबर, त्यावर अर्धा फूट मुरूम. दहा फूट रुंदी धरून ३२५० घनफूट, म्हणजे साडेबत्तीस ब्रास. दबल्यावर मुरूम बसतो हे कुणी धरलंच नाही, त्यामुळे शेवटचे पन्नास फूट तसेच राहिले. रोलरचं भाडं परवडेना, मग दगडांनी भरलेली ट्रॉली जोडून दादा दोन दिवस ट्रॅक्टर पुढेमागे करत होता आणि आई पाईपने पाणी मारत होती. मधे उंचवटा हवाच हा अण्णांचा हट्ट. "रस्त्याला पाठ पाहिजे, पोट नको."

तुमचेही सांगा.

उसाचा_फड
ऐन तोडीत भरलेली ट्रॉली रुतली. टोळी दुसऱ्याच्या फडात गेली ती आठ दिवसांनी उगवली, तोवर उसाचं चिपाड. त्या वर्षी कारखान्याची राख आणून पाणंदीत टाकली. स्वस्त पडली, पण उन्हाळाभर उडायची. धुणं वाळत घालायची सोय राहिली नाही, बायको पंधरा दिवस बोलली नाही. शेवटी वरून मुरूम टाकला.

चिरेबंदी
तुमचं चिखलाचं दुखणं, आमचं उताराचं. कोकणात मुरूम टाकायचा आणि पहिल्या पावसात वहाळात शोधायला जायचं. आम्ही खाणीवरचे तुटके चिरे आणले, कुणी घेत नाही म्हणून स्वस्त मिळाले. दर पंधरा-वीस फुटांवर एक आडवी ओळ थोडी तिरकी बसवली, पाणी बाजूच्या गटारात उतरतं. दुचाकीवर कंबर हलते, पण रस्ता जागेवर आहे.

प्रश्नच_प्रश्न
सोसायटीने मुरूम कशाला आणला पण?

धागाकर्ती
पार्किंगसाठी म्हणे. सेक्रेटरींना विचारायची हिंमत नाही.

पऱ्हाटी
आमच्याकडे पांदण म्हणतात बाप्पा. ट्रॉलीवाला म्हणे एक ब्रास. मी टेप घेऊन चढलो: दहा बाय सहा, उंची सव्वा फूट. पंचाहत्तर घनफूट झाले, पैसे शंभरचे. तो म्हणे वरून ढीग आहे ना. ढीग हातानं सपाट करून दाखवला त्याला. पुढच्या खेपेपासून फळीला खडूची रेघ.

मीटर_चालू
जेसीबी तासावर. डबा खाताना मशीन बंद करायचं नाही ही त्यांची शपथच असते. आमच्या सासूबाईंनी पिठलं-भाकरी स्वतः नेऊन दिली आणि म्हणाल्या, "बाळा, आवाजात जेवण अंगी लागत नाही, बंद कर." केलं की बंद! अर्धा तास वाचला.

पऱ्हाटी
😂 सासूबाईंना आमच्या गावी पाठवा.

बांधावरचा
पैसे होते, खडीही आणून टाकली होती. रस्ताच नव्हता. भावकी. चुलत्यांनी वहिवाटीच्या वाटेवर नांगर घातला. तहसीलला अर्ज केला १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली, तारखा झाल्यावर कळलं की ते रस्ताच नसेल तेव्हाचं, बांधावरून नवा मागायचा असेल तर. असलेला अडवला तर १९०६चा मामलेदार न्यायालयाचा कायदा, कलम ५. पुन्हा पहिल्यापासून. तोवर खडीत गवत उगवलं. आता चुलते त्याच रस्त्याने कांदा काढतात. रामराम अजून नाही.

चिरेबंदी
मन हलकं करा, आमच्याकडे विहिरीच्या रहाटावरून तिसरी पिढी भांडतेय.

गाळवाली
मी सांगू की नको? २०१७ला गाळमुक्त धरण योजना आली, तलावातला गाळ मिळत होता. आमच्या ह्यांनी चार ट्रॉल्या रस्त्यावर टाकल्या. गाळ! रस्त्यावर! जूनमध्ये जावेने विचारलं, "भात लावायचाय का?" नंतर फावड्याने ओढून डाळिंबाला घातला. बाग छान झाली हो.

मोरीवाला
पाण्याची वाट आधी करा, मुरूम नंतर. मी पैसे वाचवायला मोरीत सहा इंची पाईप टाकला. पहिल्याच पुरात काडीकचऱ्याने तुंबला, पाणी रस्त्यावरून गेलं, मधोमध कंबरभर घळ. मग डांबराचे रिकामे ड्रम बुडं काढून एकात एक जोडले. तीन वर्षं चालले, चौथ्या वर्षी गंजले आणि बैलाचा पाय आत गेला. बैल वाचला, माझी झोप गेली. शेवटी ठेकेदाराकडून कडा फुटलेला दोन फुटी सिमेंटचा पाईप अर्ध्या पैशात आणला. फुटकी बाजू आत, कोण बघतंय.

उसाचा_फड
परवान्याचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे मुरमाचा ट्रॅक्टर परवान्याशिवाय धरला, दंड मुरमाच्या किमतीपेक्षा मोठा. गौण खनिज. आपल्याच माळावरचा असला तरी आधी तलाठ्याला विचारा.

प्रश्नच_प्रश्न
कालवडीचं नाव काय होतं?

धागाकर्ती
चंद्री. रस्त्यासाठी विकली आणि गिऱ्हाइकाचा टेम्पो वस्तीपर्यंत येईना, म्हणून अण्णांनी डांबरीपर्यंत चिखलातून चालवत नेली.

गाळवाली
अरे देवा.

मोरीवाला
त्या पन्नास फुटांचं मनावर घ्या ताई, अडीच-तीन ब्रासचं काम आहे.

धागाकर्ती
दादा म्हणतो दिवाळीनंतर. २०१४पासून म्हणतोय.